खोट्या नावाचा रिपोर्ट

तोवर मी कधी रक्तदान केलं नव्हतं. सुईची भीती होती. पण त्या वर्षी आमच्या अकोल्याच्या ऑफिसात शिबिर भरलं आणि साहेब स्वतः दारात उभे राहून एकेकाचं नाव पुकारू लागले, तेव्हा मागे राहणं बरं दिसलं नसतं. रक्त दिलं, बिस्किटाचा पुडा खाल्ला आणि प्रमाणपत्राचा फोटो काढून तिला पाठवला. तिचं उत्तर आलं, "शाब्बास रे वाघा."

ती अमरावतीला एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवायची. आमची माती तपासायची प्रयोगशाळा पाहायला ती सातवीची पोरं घेऊन आली होती, तेव्हापासूनची ओळख. त्याला दीड वर्ष झालं होतं. मी छत्तीसचा, बिनलग्नाचा. ती चौतीसची, चार वर्षांपूर्वी फारकत झालेली. दर शनिवारी मी अकोल्याहून बडनेऱ्याची गाडी धरायचो आणि तिथून ऑटोनं तिच्या घरी जायचो. तिच्या दोन खोल्या वरच्या मजल्यावर होत्या, खाली घरमालक. घरमालकीणबाईंच्या लेखी मी मावसभाऊ होतो, आणि मावसभाऊ संध्याकाळी सातच्या आत जिना उतरायचा. दिवाळीनंतर दोन्ही घरी सांगायचं आमचं ठरलं होतं.

शिबिरानंतर आठवडाभरानं रक्तपेढीतून फोन आला. "एकदा येऊन भेटून जा," एवढंच. काय काम आहे ते फोनवर सांगता येणार नाही म्हणाले. मला वाटलं, माझा रक्तगट दुर्मिळ निघाला असेल.

रक्तपेढीच्या मागच्या बाजूला एक लहान खोली होती. तिथे बसलेल्या समुपदेशक बाईंनी आधी उठून दार लावलं.

"तुमच्या रक्ताची एक तपासणी पॉझिटिव्ह आली आहे. घाबरू नका, एचआयव्ही नाही," त्या म्हणाल्या. "सिफिलिसची. आपल्याकडे जुनी माणसं गरमी म्हणतात ना, ती."

मी त्यांच्या टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या फुलांकडे पाहत राहिलो.

"कधी झाली असेल?"

"रक्तावरून तारीख नाही सांगता येत. परत एकदा पक्की तपासणी करून घ्या. कधी कधी उगीचच पॉझिटिव्ह दाखवते. आणि खरंच असलं तर उपचार साधा आहे, इंजेक्शनं असतात. तुमचं लग्न?"

"नाही."

"जोडीदार कोणी?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी काही लिहिलं नाही. नुसतं पाहिलं. "असल्या तर त्यांनाही तपासायला सांगा," असं म्हणून त्यांनी माझ्या हातात एक चिठ्ठी दिली.

अकोल्यात कुठल्या लॅबमध्ये जाणार? आमच्या गल्लीतले दोन जण लॅबमध्ये कामाला, ऑफिसातल्या एकाची बायको तिसरीकडे. म्हणून मी गाडी धरून मुर्तिजापूरला उतरलो. स्टेशनबाहेरच्या एका लॅबमध्ये चिठ्ठी न दाखवता नुसतं तपासणीचं नाव सांगितलं. पोरीनं विचारलं, "नाव?" मी शाळेतल्या एका वर्गमित्राचं नाव सांगून टाकलं. का, ते आजही सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी त्या नावाचा रिपोर्ट हातात आला. पॉझिटिव्ह.

स्टेशनच्या बाकावर तो कागद मी तीनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट ठाम बसली होती, की हे तिच्याकडून आलं. कसं ठरवलं? ती घटस्फोटित होती. मी बिनलग्नाचा होतो. माझ्या लेखी तेवढं पुरे होतं.

त्या शनिवारी मी तिच्याकडे गेलो, पण गेलो तो चोर पकडायला गेल्यासारखा. तिनं भरीत केलं होतं. जेवताना तिचा फोन पालथा ठेवलेला दिसला. एरवीही ती फोन पालथाच ठेवायची, स्क्रीनला ओरखडे होते म्हणून. पण त्या दिवशी ते मला नवीन वाटलं. बोलता बोलता ती म्हणाली, "बुधवारी सुट्टी टाकली होती मी." मी विचारलं, "काहून?"

"असंच. डोकं उठलं होतं."

"एका दिवसात बरं झालं?"

ती हसली. "मग काय आठ दिवस राह्यलं पाहिजे का?"

शाळेतल्या एका सरांचा मेसेज आला, ती वाचून हसली, तर मला ते सर कसे दिसत असतील याचा विचार सुटेना. ती जवळ येऊन बसली तेव्हा मी म्हणालो, पाठ धरली आहे. तिनं बाम आणून पाठीला चोळून दिला. मी डोळे मिटून तिच्या बोटांकडे लक्ष देत होतो आणि मनात विचार चालला होता, हिला माहीत असेल का? माहीत असून ही अशी वागत असेल का?

ती खाली दूध आणायला गेली तेव्हा मी तिचा औषधांचा डबा उघडला.

हे लिहिताना आजही कान तापतात. डब्यात डोकेदुखीच्या गोळ्या होत्या, खोकल्याची बाटली होती आणि खाली एक अर्धी संपलेली स्ट्रिप होती. मी त्या स्ट्रिपचा फोटो काढला. परतीच्या बसमध्ये बसल्यावर फोनवर त्या औषधाचं नाव टाकलं. चेहऱ्यावरच्या पुरळांसाठी, असं पहिल्या ओळीत होतं. मी खाली खाली वाचत गेलो. पाचव्या की सहाव्या ओळीत सापडलं: पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यांना सिफिलिससाठीही हेच देतात. मला हवी असलेली ओळ मिळाली आणि मी फोन खिशात ठेवला.

जुलैमध्ये तिच्या हनुवटीवर पुरळ उठले होते. डॉक्टरच्या दारापर्यंत तिला मीच सोडलं होतं, आणि ती बाहेर येईस्तोवर समोरच्या टपरीवर चहा पीत उभा होतो. ते मला बसमध्ये आठवलंही. पण आठवलं ते असं, की त्या दवाखान्याच्या पाटीवर 'त्वचारोग व गुप्तरोग' असं लिहिलं होतं. पाटीचा अर्धाच भाग माझ्या डोळ्यांपुढे आला.

फारकत कशामुळे झाली, हे तिनं मला कधी नीट सांगितलं नव्हतं. एकदा विचारलं होतं तर म्हणाली, "जमलं नाई आमचं." पुन्हा विचारलं तर, "मी सांगितलं ना." तेव्हा मला तो तिचा मोठेपणा वाटला होता, माणूस मागचं उगाळत बसत नाही म्हणून. आता त्याच दोन वाक्यांत मला भलतंच दिसू लागलं. नवऱ्यानं हिला कोणासोबत तरी धरलं असेल. नाहीतर पाच वर्षांचा संसार असा मोडतो का?

तिच्या पहिल्या नवऱ्याचं धामणगाव रेल्वे या गावी धान्याचं अडत दुकान आहे, एवढं तिच्या बोलण्यात आलं होतं. सोमवारी मी रजा टाकली आणि धामणगावला गेलो.

दुकान शोधायला वेळ लागला नाही. समोर सोयाबीनचे ढीग पडले होते, हमाल पोती शिवत होते. गादीवर चाळिशीचा, अंगानं भरलेला एक माणूस बसला होता. माती तपासणीच्या शिबिराची माहिती द्यायला आलो, असं मी सांगितलं. त्यानं चहा मागवला. माणूस मोकळा होता. कापसाचं बोलला, पावसाचं बोलला. चहा संपला तरी मी उठेना, तेव्हा तो म्हणाला, "बोला ना भाऊ. माती सोडून काहीतरी दुसरं काम दिसते तुमचं."

मी तिचं नाव घेतलं.

त्यानं हमालांना हात करून लांब जायला सांगितलं. "तुमी कोण तिचे?"

"लग्न करायचा विचार आहे आमचा."

"बरं. मंग?"

"तुमचं काहून तुटलं, ते विचारायचं होतं. म्हणजे, तिचं काही बाहेर..." वाक्य मला पुरं करता आलं नाही.

तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. रागानं नाही. एखाद्या पोत्यातलं धान्य ओलं आहे की कोरडं हे पाहावं, तसं.

"तिनं काय सांगितलं तुमाले?"

"जमलं नाई, एवढंच."

"अजून तेवढंच सांगते का?" त्यानं चष्मा काढून गादीवर ठेवला. "ऐका मंग. मले मूल होत नाई. दोष माह्यात हाय, तिच्यात नाई. दोघायची तपासणी झाली होती नागपूरले. माही माय पाच वर्षं तिले वांझ म्हणत राह्यली. ते खालमानेनं आयकत राह्यली, पण माह्या मायले एका शब्दानं सांगितलं नाई तिनं. मीच सांगू नको म्हटलं होतं. शेवटी तिले झेपलं नाई अन् ते गेली. जातानाही बोलली नाई."

मी चहाचा रिकामा कप खाली ठेवला.

"सगळ्या धामणगावात लोक म्हणतात, बाईतच काई असन. तुमी पण तेच म्हणत आले." तो उठला. "आता जा तुमी. अन् जे विचारायचं असन ते तिले विचारा. ते जित्ती हाय, अमरावतीतच राह्यते."

दुकानातून बाहेर पडताना मला लाज वाटली, हे खरं आहे. पण ती लाज स्टेशनपर्यंतही टिकली नाही. गाडीत बसलो आणि नवाच विचार सुरू झाला. हा माणूस तिची एवढी बाजू काहून घेतो? यांचं अजून बोलणं चालू आहे का? संशयाचं हे असं असतं. त्याला एक दार बंद केलं की तो खिडकीशी येऊन उभा राहतो.

संध्याकाळी तिचा फोन आला.

"धामणगावले काहून गेला होता तू?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी उद्या येते अकोल्याले. घरी राहजो."

ती दुपारी आली. शाळेची साडी, हातात पर्स. बसली नाही. मी कपाटातून दोन्ही कागद काढून तिला दिले: रक्तपेढीची चिठ्ठी आणि मुर्तिजापूरचा रिपोर्ट. विज्ञानाची शिक्षिका पेपर तपासते तशी तिनं ते वाचले.

"हे नाव कोणाचं?"

"माझाच रिपोर्ट आहे. नाव खोटं दिलं."

तिनं तारीख पाहिली. "म्हणजे गेल्या गुरुवारचा. अन् शनिवारी तू माह्याकडे जेवला." मग कागदाची घडी घालत म्हणाली, "म्हणून पाठ दुखत होती."

"मला वाटलं..."

"तुले काय वाटलं ते मले धामणगाववरून समजलं. तुले वाटलं ते तू मले सोडून त्याले सांगितलं." तिचा आवाज चढला नव्हता. "बरं, माह्यापासून आलं असं धरू. तपासणी करते मी. नाई निघालं तर? मंग तुले कुठून आलं?"

"मी असा माणूस नाही," मी म्हणालो.

"अन् मी हाय?"

मी औषधाच्या स्ट्रिपचं बोललो. तोही मूर्खपणा केला. तिनं हनुवटी वर करून माझ्यासमोर धरली. जुलैतल्या पुरळांचे तीन काळे डाग अजून तिथे होते. "दाराशी कोण सोडून गेलं होतं मले?" ती म्हणाली आणि डोळ्यांत पाणी येण्याआधी पर्स उचलून निघाली. मी जिन्यापर्यंत मागे गेलो. ती न वळता म्हणाली, "डॉक्टरकडे जा आधी. हे असं ठेवायचं नसते अंगात."

तिसऱ्या दिवशी तिचा रिपोर्ट फोनवर आला. तिच्या खऱ्या नावाचा, वयासकट. दोन्ही तपासण्या निगेटिव्ह. खाली एक अक्षर लिहिलेलं नव्हतं.

इथवर मी एक गोष्ट सांगितली नाही. अकरा वर्षांपूर्वी मी पुण्यात स्पर्धा परीक्षांची तयारी करत होतो. दुसऱ्यांदा मुलाखतीत नापास झालो, त्या संध्याकाळी दोन मित्रांनी मला एका लॉजवर नेलं. तिथे एक बाई होती. तिचा चेहरा आज मला आठवत नाही. महिनाभरानं मला खाली एक फोड झाला. दुखत नव्हता. मेडिकलवाल्याला खाज येते असं खोटं सांगून मलमाची ट्यूब आणली, तीनेक आठवड्यांत तो आपोआप गेला. मी तो दिवस माझ्या आयुष्यातून वगळून टाकला होता. कोणी विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं, की तिच्याआधी माझ्या आयुष्यात कोणी नव्हतं. तिला तसं सांगितलंही होतं.

आणि हे मला तिचा रिपोर्ट आल्यावर आठवलं, असंही नाही. समुपदेशक बाईंनी दार लावून 'सिफिलिस' हा शब्द उच्चारला, त्याच क्षणी तो फोड आठवला होता. प्लॅस्टिकच्या फुलांकडे पाहताना मी तोच पाहत होतो. तरी मी मुर्तिजापूरला गेलो, डबा उघडला, धामणगावला गेलो. मला उत्तर माहीत होतं. मी दुसरं उत्तर शोधत होतो.

डॉक्टरना मी पहिल्यांदा सगळं खरं सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू रोजच ऐकतात. "इतक्या वर्षांनंतर हा आजार जोडीदाराला सहसा लागत नाही, म्हणून त्या निगेटिव्ह आल्या असतील. तुमच्या अंगात मात्र तो राहतो, पुढे मेंदूपर्यंत जाऊ शकतो. रक्त दिलंत म्हणून सापडला. आता आठवड्याला एक, अशी तीन इंजेक्शनं."

ते इंजेक्शन चार मेडिकलमध्ये हिंडल्यावर मिळालं. दरवेळी औषधाचं नाव सांगताना मी काउंटरवर आजूबाजूला कोण उभं आहे ते पाहायचो. मेडिकलवाला पाकीट उलटंपालटं करताना माझ्याकडे एक नजर टाकायचा. ती नजर मी ओळखत होतो. तिच्या फोनकडे मी तसंच पाहिलं होतं. इंजेक्शन बरंच दुखतं. पहिल्यानंतर मी दोन दिवस लंगडत ऑफिसात गेलो आणि सगळ्यांना सांगितलं, गाडीवरून पडलो.

दुसरं इंजेक्शन झाल्यावर मी तिला फोन केला. पुण्याचं सांगितलं. फोडाचं, पहिल्याच दिवशी आठवल्याचं, सगळं. तिनं मध्ये कुठेही अडवलं नाही. मी माफी मागितली.

"इंजेक्शन तीनही घे. मधातच सोडू नको," ती म्हणाली.

"आणि आपलं?"

तिकडे दार लावल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "तुले आजार झाला, त्याचं मले काई नाई. तू पुण्याले गेला, त्याचं वाईट वाटलं, पण ते माह्याआधीचं होतं. मी माफ पण करीन. पण उद्या काई झालं, पोटात दुखलं, पोराले काई झालं, तर तू माह्याशी बोलायच्या आधी कोणाच्या दुकानात जाऊन बसशीन, हे मले आता मालूम झालं."

दिवाळी आली, गेली. मी तीन वेळा अमरावतीला जाऊन तिच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरून परत आलो. चौथ्यांदा गेलो नाही. पुढच्या मे महिन्यात तिनं नोकरी बदलली, एवढं ओळखीतून कळलं. कुठे, ते मी विचारलं नाही. विचारायची सवय मोडायची होती.

त्याला आता दोन वर्षं होत आली. मागच्या हिवाळ्यात बहिणीनं एक स्थळ आणलं. अकोल्याचीच, पोस्टात काम करते, नवरा अपघातात गेलेला. आम्ही दोघं तिसऱ्यांदा भेटलो तेव्हा मी तिला सांगितलं. रसवंतीवर बसलो होतो. घरून ठरवून निघालो होतो, तरी पहिलं वाक्य तोंडातून निघेस्तोवर माझा रस तसाच राहिला.

तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "कोणापासून?"

मी सांगितलं.

"आता हाय का?"

"उपचार झाला. डॉक्टर म्हणतात, संपलं. पण एक तपासणी जन्मभर पॉझिटिव्ह येत राहते, ती आजाराची नसते, होऊन गेल्याची खूण असते."

"असं तुमी म्हणता," ती म्हणाली. "कागद हाय का?"

फाइल मी सोबत नेली होती. तिनं एकेक पान उलटलं आणि मग फोन काढून प्रत्येक पानाचा फोटो घेतला. मी पाहत राहिलो. माझं नाव, माझं वय, माझ्या आजाराचं नाव, सगळं तिच्या फोनमध्ये गेलं. कोणाला दाखवणार? भावाला? माझ्या बहिणीच्या सासरी तर नाही जाणार? जुना किडा वळवळला. मी हात मांडीखाली दाबून बसलो.

"एका डॉक्टरबाईले दाखवते," ती फोन पर्समध्ये ठेवत म्हणाली. "राग नका येऊ देऊ."

"नाही येत," मी म्हणालो.

आठवडाभर फोन नव्हता. बहिणीला मी काही सांगितलं नव्हतं, तिला वाटत होतं पोरीकडूनच नकार आहे. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला.

"दाखवले मी कागद," ती म्हणाली. "डॉक्टरबाई म्हणते, दर सहा महिन्याले तपासणी कराव लागते. तुमच्या फाइलीत दोनच हायेत. तिसरी कुठी हाय?"

ती मी केलीच नव्हती. कामाच्या गडबडीत राहून गेली, असं सांगणार होतो. तोंडावर आलंही होतं.

"केली नाही," मी म्हणालो. "लॅबमध्ये जायला अजून लाज वाटते."

पलीकडे कोणीतरी शिक्के मारत होतं, त्याचे ठोके ऐकू येत होते.

"उद्या पोस्टाले हाफ डे हाय माहा," ती म्हणाली. "अकरा वाजता लॅबपाशी या. मी भायेर उभी राहीन. अंदर तुमी एकटेच जा."